प्लॉट नंबर सत्तेचाळीस

मॅडमनी तेहतीस वर्षं फळ्यावर गवत लावलं.
प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, डाउन्स.
सातवी ब, दुपारचे साडेतीन, पंखा बंद,
साठ पोरं एका सुरात
पाढ्यासारखी कुरणं म्हणायची.
पाहिलं एकही नव्हतं कुणी.
मी तर गणेशपेठ डेपोत,
गाड्यांच्या पोटाखाली उताणा.

दोघं घरी बसल्यावर शाळेचीच एक भंगार बस घेतली.
पिवळा रंग खरवडला,
तरी पाठीवरची अक्षरं उन्हात वर येतात:
सावकाश, आत मुलं आहेत.
नाहीत.
पण लोक वाचतात आणि हॉर्न वाजवत नाहीत.

मागच्या चार सीटा काढून दिवाण केला,
ड्रायव्हरमागे पाच किलोचा सिलिंडर,
खिडक्यांना मॅडमच्या नोकरीतल्या सुती साड्या,
पदरावर अजून खडूची भुकटी.
चौरागडे फाटकाशी आले. काहून गा गायधने,
या वयात लोक चारधाम करतात,
तुम्ही कुठं निघून रायले?
मॅडम म्हणाल्या, गवत पाहायला.

झिरो माइलपाशी गाडी थांबवायला लावली.
चार दगडी घोडे,
जन्मभर निघालेले.
'इथून सगळं मोजतात,' वर्गात सांगावं तसं मला सांगितलं.
बेत होता कारंज्याचा, काळविटांच्या माळाचा.
वर्धा रोडनं निघालो,
समृद्धीचा नाका दिसण्याआधीच त्या म्हणाल्या,
जरा गुमगावकडे घ्या.

मला कळलं. बोललो नाही.

चौऱ्याण्णव साली हप्त्यानं घेतला होता आम्ही,
तीस बाय पन्नास.
छापील नकाशात बाग, मंदिर, बालवाडी,
बालवाडीवर मॅडमनी पेन्सिलीनं बारीक टिंब केलेलं.
मंजुरी आली नाही.
सातबाऱ्यावर चार नावं, त्यात आमचं नाही.
मग दर दिवाळीला येणं राहिलं,
मग बोलणं राहिलं.

आता सिमेंटचे खुंट तेवढे उरलेत
आणि कमरेइतकं कुसळी गवत, मार्गशीर्षातलं,
वारा आला की अख्खा लेआउट
झोपेत कूस बदलतो.
मॅडम निऱ्या खोचून आत शिरल्या,
खुंटावरची माती अंगठ्यानं पुसत,
पंचेचाळीस. शेहेचाळीस.
मग हात वर केला, पटावर शेवटचं नाव सापडावं तसा.

या. अजून या. थोडं रिव्हर्स.
नाही, असं नाही,
स्वयंपाकघर आग्नेयेला येऊ द्या.
तीन वेळा फिरवली मी ती बस,
क्लचचा जळका वास येईतो,
सिलिंडर आग्नेयेला येईतो.
चढताना त्यांनी उजवा पाय आधी टाकला.
मी आरसा पुसत होतो,
मी काही पाहिलं नाही.

रात्री पिठलं, भात, टिटवीची किरकिर,
डोक्यावरून उतरणारी विमानं इतकी खाली
की भांडी हलत.
टॉर्च माझ्या हातात,
त्या साडीतली कुसळं एकेक उपटतायत.
मी विचारलं, ही का तुमची प्रेअरी?
'नाही हो. प्रेअरी समशीतोष्ण कटिबंधात.
हे नुसतं गवत आहे.'
आणि कितीतरी वेळानं,
'पण चांगलं आहे.'

सकाळी मोटारसायकलवर एक पोरगा आला,
गॉगल, कानात फोन.
आजी, जागा कोणाची माहीत आहे ना?
आमची, मॅडम म्हणाल्या,
चहा घेतोस का? आम्ही निघतोच आहोत.
त्यानं घेतला. बशीत ओतून.

निघताना आरशात पाहिलं,
गवत दबलं होतं एका गाडीपुरतं,
कडेनं हळूहळू उठायलाही लागलं होतं.
कारंजा अजून दीडशे किलोमीटर.
एक कुसळ माझ्या मोज्यात राहिलंय,
ब्रेक दाबला की टोचतं.
काढलं नाही.